चालत्या घरांचा रस्ता

नेर, कागदोपत्री नेर परसोपंत, हे अमरावती–यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बडनेरा, नांदगाव खंडेश्वर मागे पडलं की काळ्या जमिनीचा सलग पट्टा लागतो. कापूस, तूर, सोयाबीन. पाण्याची सोय असेल तिथे हरभरा आणि गहू. सोयाबीन निघून गेलेलं, तूर सोंगणीला आलेली आणि कापसाची वेचणी अर्ध्यावर, अशा दिवसांत या रस्त्याच्या कडेने उंटांची रांग जाताना दिसते. पुढच्या उंटाची दोरी काळ्या लोकरी ओढणीतल्या एखाद्या बाईच्या हातात असते. उंटाच्या पाठीवर बाज उलटी बांधलेली, तिच्या वर आलेल्या चार पायांमध्ये गोधड्या, पिठाची पोती, पितळेची भांडी, पाण्याचे डबे आणि या सगळ्यावर एखादं लहान मूल किंवा दोन दिवसांचं कोकरू. मेंढ्या या रांगेत नसतात. त्या पुरुषांबरोबर पांदणीने, धुऱ्याधुऱ्याने, दुसऱ्याच वाटेने निघालेल्या असतात. संध्याकाळी दोन्ही वाटा एका वावरात मिळतात आणि तिथे रात्रीपुरतं गाव वसतं.

नेरच्या बाजारात याची बातमी दोन शब्दांत फिरते : काठेवाडी आले. गीर गाई घेऊन फिरणारे आणि मेंढ्या-उंट घेऊन फिरणारे, असे दोन वेगळे समाज आपण या एकाच नावाखाली घालतो. उंटवाले बहुतेक कच्छचे रबारी. कच्छ ते वऱ्हाड हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि ते त्यांनी पायी तोडलेलं आहे. अनेक कुटुंबांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या विदर्भात, छत्तीसगडात, तेलंगणाच्या सीमेवर डेऱ्यातच, म्हणजे या चालत्या मुक्कामातच, वाढल्या.

घर सोबत घेऊन निर्जन मुलखातून महिनोन् महिने हिंडणं ही आज जगातल्या सुखवस्तू माणसांची मोठी हौस आहे. तिची सगळ्यात प्रसिद्ध भूमी म्हणजे ऑस्ट्रेलिया. झोपायला पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी आणि छतावर सौर पत्रा असलेली कॅम्परव्हॅन घ्यायची आणि शहर सोडायचं. निवृत्त झालेली हजारो जोडपी तिथे असं वर्ष-वर्ष फिरतात. त्यांना प्रेमाने ‘ग्रे नोमॅड’, पिकल्या केसांचे भटके, म्हणतात. सिडनी-मेलबर्नला स्थिरावलेल्या मराठी घरांतूनही सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेऊन निघण्याची चाल पडली आहे. त्या प्रवासांची वर्णनं मी आवडीने वाचतो. स्टुअर्ट हायवे दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेच्या डार्विनपर्यंत अडीच हजारांहून अधिक किलोमीटर जातो. नलारबोरच्या माळावरून जाणाऱ्या रस्त्यात एक तुकडा सलग १४६ किलोमीटर एकही वळण न घेता चालतो. एका पेट्रोलपंपावरून निघताना पुढचा पंप किती लांब आहे, पाणी किती उरलंय, अंधार पडायच्या आत थांबायला कुठे जागा मिळेल, हाच त्या प्रवाशांचा रोजचा हिशेब. कांगारू गाडीवर येतात म्हणून रात्री चालवायचं नाही, हा नियम प्रत्येक जण सांगतो.

पाणी, थांबायची जागा, अंधाराच्या आत मुक्काम. हे वाचताना मला नेरचा रस्ता आठवतो. हाच हिशेब करत आपल्या शिवारातून घरं जातात, पण त्यांच्या प्रवासाचं वर्णन इथे कोणी लिहीत नाही. त्यांची नोंद होते ती पोलिस ठाण्यात किंवा कोंडवाड्याच्या पावतीवर. या लेखाचं कारण तेच आहे.

डेऱ्याची व्यवस्था समजून घेतली तर तिच्यातली शिस्त थक्क करते. काही कुटुंबं मिळून एक गट चालतो आणि त्यातल्या जाणत्याला मुखी मानतात. मुक्काम कधी हलवायचा, कोणत्या दिशेने जायचं, कोणाशी बोलायचं, हे त्याच्या शब्दावर ठरतं. गट हलण्याआधी एक-दोघं पुढे जाऊन पाहणी करतात. विहीर कोणाची, नाल्याला पाणी आहे का, कोणाचं वावर मोकळं झालंय, शेजारच्या वावरात हरभरा उभा आहे का. पूर्वी ही पाहणी पायी व्हायची, आता मोटारसायकल आणि मोबाइल आहे. बाकी रीत तीच. सकाळी पुरुष कळप घेऊन चरायला जातात. बायका डेरा मोडतात, उंट लादतात, नवा मुक्काम गाठतात, पाणी आणतात, चूल मांडतात. कोकरं आणि आजारी जनावरं त्यांच्याच ताब्यात असतात. घर चालवणं हा शब्दप्रयोग इथे अक्षरशः बाईच्या हातातल्या दोरीने खरा होतो.

उंट या सगळ्याचा कणा. दोन क्विंटलच्या आसपासचं ओझं घेऊन तो दिवसभर चालतो, डिझेल मागत नाही आणि मेंढीच्या तोंडचा घासही घेत नाही. मेंढी खाली गवत, कुटार, गळालेला पाला वेचते. उंट वर मान करून बाभूळ, बोर, कडुनिंब ओरबाडतो. एकाच जागेवर दोघांचं भागतं. शेकडो मेंढ्यांचा कळप आणि पाच-सहा कुटुंबांचा संसार या जोडीवर तरतो.

त्यांना आपल्या शिवारात जागा कशी मिळते? नुसत्या दयेने मिळत नाही, त्यामागे व्यवहार आहे. मेंढ्या वावरात बसवल्या की रात्रभराच्या लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीत पडतं. पसरवायची मजुरी नाही, वाहतूक नाही. शेतकरी त्याबदल्यात धान्य देतो किंवा रोख. वऱ्हाडात बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे पडले आणि शेणखताची गाडी महाग झाली. ज्याच्या घरी आता एकही जनावर नाही अशा शेतकऱ्याला हे खत मिळण्याचा मार्ग डेऱ्यावरून जातो. काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब घटत चालल्याची चिंता कृषी विद्यापीठं करतात. त्यावरचा एक जुना, चालता उपाय दरवर्षी आपल्या बांधावरून जातो.

दुसरा व्यवहार कापसाचा आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि जिल्ह्याचं नाव देशभर पोचलं. तेव्हापासून कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आल्या आहेत : फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस राखून घेतलेलं वाढीव पीक, घेऊ नका, शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उभ्या ठेवू नका आणि त्याआधी वावरात शेळ्या-मेंढ्या, गुरं चरायला सोडा. उरलेली हिरवी, किडकी बोंडं जनावरांनी खाल्ली की अळीचा पुढच्या हंगामाचा आसरा मोडतो. फवारणीच्या पंपाला जे महागात पडतं ते मेंढीच्या तोंडाने फुकट होतं. ही शिफारस शेतकऱ्यांना सांगितली जाते, पण मेंढ्या आणणाऱ्यांना ती कोणी सांगत नाही आणि दोघांची गाठ घालून देण्याची जबाबदारीही कोणाची नाही. नेर तालुक्यातल्या मोझर, वटफळी, मांगलादेवीकडच्या शिवारांत फेब्रुवारीत किती पऱ्हाट्या उभ्या असतात आणि त्याच दिवसांत किती कळप चारा शोधत फिरतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला ही गाठ किती सोपी आहे ते कळेल.

रबारी कच्छ सोडून इतक्या लांब का आले, याचं उत्तर पावसात आहे. कच्छला वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही, यवतमाळला नऊशे-हजार. दुष्काळाची ओळ लागली की कळप पूर्वेला निघतात, हे शतकानुशतकं चाललं आहे. पण परत जाण्याचं थांबलं ते गेल्या काही दशकांत. बन्नीच्या प्रसिद्ध गवताळ रानावर १९६० च्या दशकात वन खात्याने वेडी बाभूळ पेरली आणि तिने गवत गिळलं. बाकी चराऊ रानं शेती, कारखाने आणि बंदरांच्या मागे गेली. रबाऱ्यांतली ढेबरिया ही शाखा सगळ्यात लांब चालणारी. त्यांच्या बायकांचं आरशांचं भरतकाम जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण लग्नाच्या भरतकामाचा खर्च आणि वेळ झेपेनासा झाला म्हणून १९९५ मध्ये त्यांच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करायलाच बंदी घातली. आपल्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या साध्या काळ्या कपड्यांमागे एवढा मोठा निर्णय आहे.

ऑस्ट्रेलियाकडे पुन्हा जायला हवं, कारण त्या निर्जन रस्त्यांचा जन्म उंटांच्या पायांनी झाला आहे आणि ते उंट आपल्या बाजूचे होते.

१८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तर किनाऱ्याकडे निघाली, तेव्हा तिच्यासाठी २४ उंट कराचीहून आणले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि सिंध-कच्छची सीमा उंटवाल्यांना ठाऊकच नव्हती. १८६६ मध्ये टॉमस एल्डरने शंभरहून अधिक उंट आणि त्यांच्याबरोबर ३१ उंटवाले नेले. पुढच्या पन्नास वर्षांत हजारो उंट आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, राजस्थानी, सगळ्यांना तिथे ‘अफगाण’ म्हणत. जसं आपण सगळ्यांना काठेवाडी म्हणतो. तारयंत्राचे खांब, खाणींचं सामान, लोकरीचे गठ्ठे, दूरच्या वस्त्यांची डाक आणि पाणी, सारं त्यांनी वाहिलं. ॲलिस स्प्रिंग्जला जाणाऱ्या आगगाडीचं नाव ‘द घॅन’ हे त्या अफगाणांच्या नावावरूनच पडलं, अशी तिथे समजूत आहे.

मोबदला काय मिळाला? १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद झालं. ज्यांनी देशाचा अंतर्भाग जोडला त्यांतल्या अनेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. १९२० च्या दशकात मोटारलॉऱ्या आल्या आणि उंट निकामी ठरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये मोकाट उंट मारण्यासाठी कायदाच केला. कित्येक उंटवाल्यांना जनावरावर बंदूक चालवणं जमलं नाही, त्यांनी ते रानात सोडून दिले. त्यांची संतती इतकी वाढली की २००९ ते २०१३ या चार वर्षांत सरकारी मोहिमेत दीड लाखांहून अधिक उंट मारले गेले. आणि ज्या उपखंडातून ते गेले तिथे? २०१९ च्या पशुगणनेत भारतात जेमतेम अडीच लाख उंट उरले. सात वर्षांत ३७ टक्के घट. एकीकडे मारून संपत नाहीत, दुसरीकडे राखून टिकत नाहीत.

या दोन देशांना स्वतःच्या पायांनी जोडणारी एक बाई आहे : रॉबिन डेव्हिडसन. १९७७ मध्ये ती चार उंट आणि एक कुत्रा घेऊन ॲलिस स्प्रिंग्जहून निघाली आणि वाळवंट तुडवत सुमारे २,७०० किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्याला पोचली. उंट वळवायला ती शिकली ते जुन्या ‘अफगाण’ घराण्यातल्या सॅली महोमेट या उंटवाल्याकडून. तिचं पुस्तक गाजलं, पुढे त्यावर चित्रपटही निघाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती तिची दुसरी वाटचाल. पुढे ती भारतात आली, रबाऱ्यांच्या डेऱ्याबरोबर राहिली, चालली, आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ऑस्ट्रेलियात एकटीने चालताना तिला स्वातंत्र्य सापडलं होतं. इथे तिने पाहिलं की जे लोक पिढ्यान् पिढ्या असेच चालत आहेत, त्यांना पाय टेकायला जागा मागत फिरावं लागतं.

आज कॅम्परव्हॅन ज्या रस्त्यांवरून हौसेने धावतात त्यांतले कित्येक मुळात गुरं हाकण्याचे मार्ग आहेत. बर्ड्सव्हिल ट्रॅक तसाच. पश्चिम ऑस्ट्रेलियातला सुमारे १,८५० किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट १९०६ ते १९१० या काळात उंटांच्या साहाय्याने आखला गेला आणि वाटेवर विहिरी खणल्या गेल्या. पाण्याच्या जागा शोधण्यासाठी मार्ग आखणाऱ्या कॅनिंगने तिथल्या आदिवासींना साखळदंडाने बांधून वाटाडे केलं होतं, याची चौकशीही १९०८ मध्ये झाली. म्हणजे तो रस्ताही कोणाच्या तरी मालकीच्या पाण्यावरून, त्याला विचारल्याशिवाय गेला. ही गोष्ट त्या देशाचं कौतुक करताना विसरता येत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांनी टिकवली. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये गुरं हाकण्यासाठी राखलेले सरकारी पट्टे आजही कायद्याने जिवंत आहेत. लोक त्याला ‘लाँग पॅडॉक’, म्हणजे लांबच लांब चराऊ वाडा, म्हणतात. एकट्या क्वीन्सलँडमध्ये या मार्गांचं जाळं सुमारे ७२,००० किलोमीटरचं आहे. कुठे हा पट्टा अर्धा मैल रुंद, कुठे त्याहून जास्त. परवाना काढायचा, फी भरायची, ठरलेल्या पाणवठ्यांवर पाजायचं आणि दररोज ठरावीक अंतर पुढे सरकायचं. एकाच जागी तळ ठोकून गवत संपवायचं नाही. २०१३ मध्ये दुष्काळाच्या काळात सुमारे १८,००० गुरं कळप पाडून क्वीन्सलँडहून न्यू साउथ वेल्सपर्यंत अशीच चालत नेली गेली. हाकणाऱ्यांचा मुक्काम त्या पट्ट्यावर. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही, वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले.

वऱ्हाडातही असा पट्टा होता आणि कागदावर अजून आहे. गावच्या गुरांसाठी राखलेल्या जमिनीला इथे ई-क्लास म्हणतात. बाकी महाराष्ट्रात गायरान, आपल्याकडे ई-क्लास. ती बहुधा गावाच्या टोकाला, बरड, मुरमाड, पेरणीला नालायक जमीन. नेमकी ती मेंढ्यांना लायक. आज तिचं काय झालं ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. काही भागावर भूमिहीनांनी पोटासाठी शेती केली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून त्या हक्काला इतिहास आहे आणि राज्य सरकारने १९९१ मध्ये जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णयही घेतला. ते न्याय्यच होतं. पण त्या आडोशाने ज्यांना जमिनीची गरज नव्हती त्यांनीही धुरे सरकवले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं; त्यानंतरही या जमिनी घरकुलं, सबस्टेशन, सौर प्रकल्प यांच्या मागणीत आहेत. या मागण्यांच्या यादीत चराई हा शब्द शेवटून पहिला असतो.

वाटेवरच्या माणसाकडे संशयाने बघायला कायद्याने शिकवलं, त्याची तारीख आहे. १८७१ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. पहिला गुरांच्या अतिक्रमणाचा, ज्यातून आपला कोंडवाडा आला. दुसरा गुन्हेगार जमातींचा, ज्याने फिरत्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवायची सोय केली. एकाने जनावर कोंडलं, दुसऱ्याने माणूस. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, पडीक जमीन भराभर नांगराखाली येत होती, शेतसारा वाढत होता. पेरलेली जमीन आणि नोंदलेला मालक सरकारला हवा होता. चालता माणूस त्या हिशेबात बसत नव्हता.

याचा घाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बंजाऱ्यांनी सोसला. दारव्हा, दिग्रस, पुसद, नेर या सगळ्या पट्ट्यात तांडे आहेत. तांडा हा शब्द आज वस्तीसाठी वापरला जातो, पण मुळात तो चालत्या समूहाचा आहे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून बंजाऱ्यांनी मध्य भारताची बाजारपेठ चालवली, मोगल आणि मराठा फौजांना रसद पुरवली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ छोटी रेल्वे, आपली शकुंतला, धावू लागली. लदेणीचा धंदा बसला आणि तांडे जागेवर थांबले. ज्या समाजाने रस्ते तुडवून घडवले त्याला रस्त्याच्या बाहेर मुरमावर जागा मिळाली. पुढे याच समाजातून, पुसदजवळच्या गहुलीतून, वसंतराव नाईक आले आणि १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. पण गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी त्याची सवय गावाच्या वेशीवर अजून उभी आहे, हे प्रत्येक डेरा जाणतो.

ही सवय जानेवारी २०२२ मध्ये नेरच्या शेजारीच दिसली. शंकरपटासाठी नावाजलेलं तळेगाव दशासर हे धामणगाव रेल्वे तालुक्यातलं गाव. तिथल्या पोलिसांनी कच्छहून चालत आलेले ५८ उंट ताब्यात घेतले. उंट हैदराबादला कत्तलीसाठी नेले जात आहेत, अशी तक्रार हैदराबादच्या एका प्राणिमित्राने दिली होती. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पाच उंटपालकांवर गुन्हा दाखल झाला, त्यांना जामीन मिळाला. उंट मात्र अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले गेले. विदर्भात डेऱ्यावर असलेल्या आपल्या नातलगांना देण्यासाठी हे उंट आणले, असं पालकांचं म्हणणं होतं. जनावरांबद्दलची कळकळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण चालत चरणाऱ्या, झाडपाल्यावर जगणाऱ्या उंटाला आवारात उभं करून गाईचा चारा घालणं हा त्याच्यावर उपकार नव्हे. आणि शतकभर याच वाटेने येणारे रबारी कोण, ते उंट कशाला आणतात, हे आपल्या एकाही कार्यालयात कोणी सांगू शकलं असतं तर प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता.

शेतकऱ्याची बाजू इथे मांडलीच पाहिजे, कारण मी त्याच गावांमधला आहे. रात्री रोही आणि रानडुकरं, दिवसा मोकाट जनावरं, यांच्यापासून पीक राखताना जागरणाने डोळे चुरचुरतात. अशात सकाळी वावरात जाऊन पाहावं तर हरभऱ्याचा पट्टा सपाट झालेला. कोणाच्या मेंढ्या होत्या, विचारायला जावं तर डेरा हललेला. नुकसानीचा पंचनामा कोणाविरुद्ध करायचा? गाईंचे मोठे कळप घेऊन, दमदाटी करत शिरणारेही आहेत. त्यातून मारामाऱ्या झाल्या आहेत. हा राग खरा आहे. तो उपदेश करून जात नाही. मात्र रागाचं मूळ शोधलं तर ते पुन्हा जागेवर येतं. आधी कळपाला चालायला पांदण होती, थांबायला ई-क्लास. ज्वारी होती, कडबा होता, मळणीनंतर वावरं मोकळी असायची. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ओलिताची सोय झाली तिथे रब्बी उभी राहिली. पांदणी दोन्ही बाजूंनी नांगरल्या गेल्या. मुक्कामाला सरकारी जागा नसलेला कळप कोणाच्या ना कोणाच्या धुऱ्यावरूनच जाणार.

आता तर मोठा रस्ताच आडवा आला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यवतमाळ जिल्ह्याला शिवत नाही, पण नेरच्या उत्तरेला धामणगाव, नांदगाव खंडेश्वर, कारंजा या पट्ट्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत तो खुला झाला. दोन्ही बाजूंना बंदिस्त, दुचाकीलाही मज्जाव, मेंढीची तर गोष्टच नाही. उत्तरेहून दक्षिणेकडे येणाऱ्या कळपाला खालचे भुयारी मार्ग शोधत फिरावं लागतं. अशा भुयारांची संख्या आणि जागा ठरवताना गावच्या बैलगाड्यांचा विचार झाला. हंगामात येणाऱ्या कळपांच्या वाटा कोणी नकाशावर काढल्या असत्या तर त्यांचाही झाला असता.

आणि तरी याच राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे. ऑस्ट्रेलियातल्यासारखी चाकांवरची घरं इथेही फिरावीत, त्यांच्यासाठी कॅरॅव्हॅन पार्क असावेत, तिथे गाडी लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह, सुरक्षा असावी, असं ते सांगतं. मला हे धोरण मनापासून पटतं. घर सोबत घेऊन फिरणाऱ्या माणसाला काय लागतं, याची यादी शासनाने स्वतःच्या हाताने तयार केली आहे. ती डेऱ्याला लागू करायला नवं तत्त्व शोधावं लागत नाही. वन हक्क कायदा, २००६ तर भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे.

नेरसारख्या तालुक्यात याचं रूप अगदी साधं असू शकतं. ई-क्लासचा दोन-चार एकरांचा तुकडा ग्रामपंचायतीने हंगामापुरता मुक्कामासाठी राखावा, तिथे एक हापसा किंवा हौद असावा. डेरा आला की मुखीचं नाव, कळपाची संख्या, किती दिवस थांबणार, एवढी नोंद व्हावी आणि थोडी फी घ्यावी. नोंद असली की नुकसान झालं तर भरपाई कोणाकडे मागायची हे शेतकऱ्याला कळतं, आणि चोरीचा आळ आला तर आपण त्या रात्री कुठे होतो हे डेऱ्याला दाखवता येतं. कृषी सहायकाने शेवटची वेचणी झालेल्या वावरांची यादी मुखीच्या हातात द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्याने कळपाला लस टोचावी. आपल्या शेळ्यांना त्यातूनच संरक्षण मिळतं. डेऱ्यातल्या मुलांची शाळा हा याहून अवघड प्रश्न आहे आणि तो एका गावाने सुटणारा नाही.

यातलं काहीच करायचं नसेल तरी पावसाळ्याचा विचार करावाच लागेल. मृगाचा पाऊस पडला की काळी जमीन चिकट होते. उंटाचा गादीसारखा पाय त्या चिखलात घसरतो; पडला तर पाय मोडतो आणि मोडलेल्या पायाचा उंट उठत नाही. ओल्या जमिनीत मेंढ्यांचे खूर सडतात. सगळीकडे पेरणी झालेली असते, मेंढी बसवायला एकही वावर मोकळं नसतं. म्हणून जून ते सप्टेंबर हे चार महिने डेऱ्याला मुरमाड उंचवटा लागतो आणि नेरच्या परिसरात असा उंचवटा बहुधा ई-क्लासवरच असतो. ती जागा पेरणीच्या आधी ठरायला हवी. १ मेची ग्रामसभा त्यासाठी अगदी वेळेवर येते. पेरणीला तेव्हा महिना-सव्वा महिना उरलेला असतो आणि डेऱ्यांचे मुखी तोवर पावसाळ्याचा मुक्काम शोधायला बाहेर पडलेले असतात.